खाली दुकान, मध्ये ऑफिस, वर घर : वाचकांचे प्रश्न

मुंबई-ठाण्यात, आणि आता पुण्यातही, एकाच आवारात बाजार, ऑफिसं, पार्किंग आणि चाळीस-पन्नास मजली घरं असे प्रकल्प उभे राहतायत. मागच्या अंकातल्या आवाहनानंतर त्यावर बरीच पत्रं आली. निवडक प्रश्नांना स्ट्रक्चर, प्लंबिंग-फायर आणि सोसायटीचे कायदे ही कामं रोज बघणाऱ्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रं वाचताना एक जाणवलं, बहुतेकांची भीती उंचीबद्दल आहे. आमच्या मते नीट बघायचं ते जिथे एक वापर संपून दुसरा सुरू होतो तिथे. गळती, आवाज आणि बिलांची भांडणं सगळ्यात जास्त तिथूनच निघतात.

आमच्या शेजारशेजारच्या तीन सोसायट्या मिळून एकच प्रकल्प करायचा प्रस्ताव आहे. खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, मागे ५० मजली टॉवर. बिल्डर ३६ महिन्यांचं भाडं देतो म्हणतो. सही करण्याआधी काय बघावं? – एक सभासद, चेंबूर

आधी ३६ महिन्यांचं गणित करून बघा. खोदाई आणि दोन-तीन बेसमेंट यांना एक ते दीड वर्ष जातं. वरचे मजले अॅल्युमिनियमच्या शटरिंगवर (काँक्रीटच्या साच्यांवर) चढवले, सगळं सुरळीत चाललं आणि एका स्लॅबला ८ दिवस धरले तरी ५० मजल्यांचे ४०० दिवस होतात. पोडियमचे, म्हणजे टॉवरखालच्या दुकानं-पार्किंगच्या रुंद भागाचे, मजले वेगळ्या मापाचे असतात, तिथे हा वेग मिळत नाही. शेवटचा स्लॅब पडल्यावर लिफ्ट, फायरची यंत्रणा, बाहेरचं प्लास्टर किंवा काच, तपासण्या आणि ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) यांत आणखी वर्षभर. शिवाय काम सुरू होण्याआधी परवानग्यांचा काळ आहेच. पाच वर्षांच्या आत हातात किल्ली आली तर चांगलं काम झालं म्हणायचं. म्हणून करारात महिने मोजू नका. ‘पुनर्वसन इमारतीची ओसी येऊन प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत भाडं, दरवर्षी ठरावीक टक्के वाढीसह’ असं वाक्य घाला, आणि पुढच्या एका वर्षाच्या भाड्याचे धनादेश कायम सोसायटीच्या हातात राहतील असं ठरवा.

राज्य सरकारने सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाची कार्यपद्धती काढली आहे. तिन्ही सोसायट्यांनी ती आपापली, स्वतंत्रपणे पाळायची. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते. विकासक निवडताना एकूण सभासदांपैकी, म्हणजे हजर असलेल्यांपैकी नव्हे, किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी. निबंधकाचा प्रतिनिधी हजर हवा आणि सभेचं चित्रीकरण हवं. मुंबई उच्च न्यायालयाने ७९-अ खालचे निर्देश मार्गदर्शक धरले आहेत, प्रत्येक त्रुटीने निवड रद्द होत नाही. तरीही पाळा. पुढे एखादा सभासद कोर्टात गेला तर हेच कागद कामी येतात. त्याच कार्यपद्धतीत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. बिल्डर ती टाळून ‘त्याऐवजी विक्रीचे काही फ्लॅट तारण ठेवतो’ म्हणतात. न बांधलेला फ्लॅट आणि बँक गॅरंटी यांची बरोबरी होत नाही.

कार्पेट क्षेत्र रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येप्रमाणेच लिहून घ्या. त्यात आतल्या भिंतींची जागा धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. ‘बाल्कनीसह ६५०’ असा आकडा पत्रकात असेल तर बाल्कनीचा आकडा वेगळा मागा.

आता बहुतेक सोसायट्या विसरतात तो भाग. तुमची पुनर्वसन विंग वेगळी असेल तर तिची लिफ्ट, पंप, जनरेटर आणि मीटरही वेगळे आहेत का, ते नकाशावर दाखवायला सांगा. पोडियम, रॅम्प, फायरची टाकी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र बहुधा सगळ्यांचं मिळून असतं. त्याचा खर्च दुकानं, ऑफिसं, विक्रीचे फ्लॅट आणि तुम्ही कोणत्या प्रमाणात भरणार ते विकास करारातच हवं. ‘नंतर फेडरेशन (आवारातल्या सगळ्यांची एकत्र संस्था) ठरवेल’ हे उत्तर घेऊ नका. फेडरेशनमध्ये तुमची मतं कमी असणार.

कॉर्पसची, म्हणजे वाढीव मेंटेनन्स भागवायला बिल्डरकडून घ्यायच्या ठेवीची, रक्कम या हिशेबावरून काढा. समजा आज महिना १,५०० रुपये मेंटेनन्स आहे आणि टॉवरमध्ये ६०० चौरस फुटांना ८ रुपयांनी ४,८०० येणार. फरक महिना ३,३००, वर्षाला ३९,६००. साडेसहा टक्के व्याजाने तेवढं उत्पन्न यायला प्रत्येक घरामागे सुमारे ६ लाख ठेव लागते, आणि त्यात दरवर्षीची महागाई धरलेली नाही. निवृत्त सभासदांसाठी दोन खोल्या जास्त मिळण्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे.

शेवटची अट : पुनर्वसन इमारतीची ओसी आल्याशिवाय विक्रीच्या इमारतीची ओसी घेता येणार नाही. चांगल्या बिल्डरला ही अट जड जात नाही.

दुकानांच्या मजल्यांवर फ्लॅटचा टॉवर बसवताना ट्रान्सफर स्लॅब का लागतो, आणि साइटवर त्यात नेमकं काय चुकतं? – सिव्हिलचा विद्यार्थी, नाशिक

खालच्या आणि वरच्या वापराला लागणारे खांब एका रेषेत येत नाहीत म्हणून. पार्किंगमध्ये दोन खांबांमध्ये तीन गाड्या बसवायच्या तर प्रत्येकी २.५ मीटर आणि खांबाची जाडी धरून साधारण ८.४ मीटरचा ग्रिड येतो. दुकानांनाही तो चालतो. फ्लॅटच्या खोल्या ३ ते ४ मीटरच्या, आणि तिथे भिंतीत लपणाऱ्या पातळ काँक्रीट भिंती हव्या असतात. मग मधल्या एका मजल्यावर जाड गर्डर किंवा स्लॅब घालून वरचा भार खालच्या खांबांकडे वळवतात.

भार किती, ते बघ. रहिवासी टॉवरचं एकूण वजन चौरस मीटरला १.२ टन धरलं आणि एका खांबाकडे ३० चौरस मीटर येत असतील, तर ४० मजल्यांचे १,४४० टन होतात. एवढं गर्डरच्या मध्यावर टेकलं तर गर्डर दोन-अडीच मीटर खोल होतो. लिफ्टचा गाभा मात्र सरळ पायापर्यंत गेलाच पाहिजे. गाभा वळवायची वेळ आली तर आराखडा पुन्हा आर्किटेक्टकडे पाठवलेला बरा.

पहिली अडचण सेंटरिंगची, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणाऱ्या टेकूंची. २ मीटर जाडीचं ओलं काँक्रीट चौरस मीटरला ५ टन भरतं. खालचा १५० मिलिमीटरचा स्लॅब स्वतः जेमतेम ०.३८ टनांचा. म्हणजे तेरापट वजन. एका मजल्यावर टेकू लावून भागत नाही, खालच्या कित्येक मजल्यांमधून टेकूखाली टेकू घेत जावं लागतं, तेही एकाच रेषेत. दुसरा मार्ग दोन थरांत ओतण्याचा : खालचा ०.८ ते १ मीटर आधी, त्याने ताकद धरली की तोच वरच्या थराचं वजन घेतो. यात मधल्या सांध्यावर पृष्ठभाग खरवडलेला हवा आणि उभ्या सळया हिशेबाने आलेल्या हव्यात. सांध्यावरचा सिमेंटचा पातळ लगदा ब्रशने न काढता वर ओतलं, की दोन थर दोन फळ्यांसारखे वेगळे वागतात.

दुसरी अडचण उष्णतेची. घनमीटरला दर १०० किलो सिमेंटमागे जाड काँक्रीटच्या पोटातलं तापमान साधारण १२ अंशांनी चढतं. ४५० किलो साधं सिमेंट आणि ओतताना ३० अंश, म्हणजे पोटात ८४ पर्यंत. मर्यादा ७० अंशांची. त्यावर गेलं तर एट्रिंजाइट हा घटक त्या वेळी नीट तयार होत नाही. पुढे ओल मिळाल्यावर, काही वर्षांनी, तो आतल्या आत वाढतो आणि काँक्रीट फुगून तडकतं. म्हणून निम्म्याच्या आसपास सिमेंटऐवजी स्लॅग (पोलादाच्या भट्टीतल्या मळीची पूड) घालतात, पाण्याऐवजी बर्फाचा चुरा वापरतात आणि रात्री ओततात. वर, मध्ये आणि खाली थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) ठेवून पोट आणि पृष्ठभाग यांच्यातला फरक २० अंशांत राखायचा. इथेच सगळ्यात ठरलेली चूक होते. दुसऱ्या दिवशी पोट तापलेलं असताना क्युरिंग म्हणून वर गार पाण्याची आळी करतात. पृष्ठभाग आकसतो, आतला भाग फुगलेलाच, आणि भेगा पडतात. तिथे हवं असतं थर्माकोलचं किंवा जाड गोधडीसारखं पांघरूण. तापमान दिवसाला थोडं थोडं उतरू द्यायचं.

तिसरं, सळयांची दाटी. ३२ मिलिमीटरच्या सळया चार-पाच थरांत आल्या की व्हायब्रेटरची सुई आत जात नाही आणि शटरिंग काढल्यावर तळाशी पोकळ्यांचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं दिसतं. सळया एकमेकींशेजारी चढवून लॅप देण्याऐवजी टोकाला टोक जोडणारे कपलर, बारीक खडीचं आपोआप पसरणारं काँक्रीट, आणि खऱ्या कामाआधी एका जोडाचा पूर्ण मापाचा नमुना ओतून कापून बघणं, हे तीन उपाय खर्चाचे वाटतात. ते पोळं नंतर सिमेंटचा लगदा दाबून भरण्याच्या (ग्राउटिंगच्या) मानाने स्वस्त आहेत.

हे सगळं करताना आयएस १६७०० हा उंच काँक्रीट इमारतींचा भारतीय संकेत जवळ ठेव. तो ५० ते २५० मीटर उंचीसाठी आहे.

ऑफिसांच्या वर ३८ व्या मजल्यावर घर बघितलंय. वारा, पाणी, आग याबद्दल बिल्डरला काय विचारू? एक घर पोडियमच्या लगेच वरही रिकामं आहे, ते स्वस्त पडतं. – आयटीत नोकरी, घणसोली

इमारत वाऱ्यात हलते, हलायलाच हवी. संकेतानुसार वाऱ्याने माथ्याचं सरकणं उंचीच्या पाचशेव्या भागापर्यंत चालतं, म्हणजे २०० मीटरला ४० सेंटिमीटर. माणसाला मात्र अंतर जाणवत नाही, वेग बदलण्याचा झटका जाणवतो. त्याची मर्यादा दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यासाठी घरांना ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि ऑफिसांना ०.२५ आहे. बिल्डरला एवढंच विचारा : विंड टनेल चाचणी (इमारतीच्या छोट्या प्रतिकृतीवर वारा सोडून) झाली का, आणि वरच्या राहत्या मजल्याचा हा आकडा किती आला? ‘आमची इमारत भूकंपरोधक आहे’ हे याचं उत्तर नव्हे.

पाण्याचा दाब १० मीटरला १ बार. माथ्यावरच्या टाकीतून सरळ पाइप खाली आणला तर तळाला २० बार येतील. नळ-शॉवरला ३ ते साडेतीन पुरतो. म्हणून दर आठ-दहा मजल्यांना एक झोन करून दाब उतरवणारे व्हॉल्व्ह लावतात, किंवा मधल्या सर्व्हिस फ्लोअरवर टाकी ठेवतात. व्हॉल्व्ह जोडीने हवेत, आणि पाणी त्यांच्यात शिरण्याआधी गाळणी हवी. कचरा अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहिला की झोनच्या तळाच्या घरांत गिझरचे जोड सुटतात. सर्व्हिस फ्लोअर तुमच्या नेमका वर किंवा खाली असेल, तर पंप आणि चिलर स्प्रिंगवर बसवलेत का ते बघा. रबराच्या चकत्या टाकून मध्यरात्रीची घरघर थांबत नाही.

आगीसाठी : मुंबईच्या नियमांत २४ मीटरच्या वर पहिली आश्रयाची जागा (आगीत सुटका होईपर्यंत थांबायची) आणि पुढे दर सातव्या राहत्या मजल्यावर एक येते. ती उघडी असते, कुणाच्या फ्लॅटला जोडून विकता येत नाही. जिन्यात धूर येऊ नये म्हणून पंख्याने ५० पास्कलचा दाब ठेवतात. ऑफिसांचा जिना आणि घरांचा जिना बाहेर पडेपर्यंत वेगळे राहतात का, हे नकाशावर बोट फिरवून बघा. काही ठिकाणी ते तळमजल्यावर एकाच लॉबीत येतात आणि ती लॉबी रात्री कुलूपबंद असते. राहायला गेल्यावर सोसायटीकडे दर जानेवारी आणि जुलैचं फॉर्म ‘ब’ प्रमाणपत्र मागा. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून ते घ्यावंच लागतं.

आता पोडियमवरचं स्वस्त घर. ते घेण्याआधी एकच नकाशा मागा, ड्रेनेजचा. चाळीस मजल्यांवरून येणारं सांडपाणी तळाशी वळतं तिथे वेग एकदम मोडतो, पाणी उसळतं, साबणाचा फेस आणि हवा मागे ढकलली जाते. त्याच पाइपला जोडलेल्या सगळ्यात खालच्या घरांत न्हाणीघराच्या जाळीतून फेस वर येतो, संडासातलं पाणी गडगडतं, वास येतो. उपाय ठाऊक असलेलाच आहे : तळाच्या दोन-तीन राहत्या मजल्यांची जोडणी वेगळ्या पाइपला करायची आणि वळणावर हवेचा पाइप द्यायचा. नकाशात ती वेगळी जोडणी दिसली तर घर खुशाल घ्या. दिसली नाही तर स्वस्ताईचं कारण कळलं. शिवाय ट्रान्सफर मजल्यावर वरचे सगळे उभे पाइप आडवे वळवून दुसऱ्या डक्टकडे नेलेले असतात, आणि मधल्या काळात उंच खांब हळूहळू आखूड होत असतात. २०० मीटरच्या काँक्रीटच्या खांबात सगळं मिळून १० सेंटिमीटरच्या वर. पाइप आखूड होत नाही. तिथे सरकणारे जोड दिले नसतील तर दोन-चार वर्षांनी तडा जातो आणि खालच्या दुकानाच्या छतावर डाग दिसतो.

भेंडीबाजाराच्या धर्तीवर आमच्या बाजाराचा पुनर्विकास व्हायचाय. रस्त्यावरचं दुकान जाऊन पोडियममध्ये गाळा मिळेल. करारात काय बघावं? – किराणा व्यापारी

भेंडीबाजारची योजना २००९ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाने हाती घेतली. सुमारे साडेसोळा एकर, ३,२०० च्या आसपास कुटुंबं आणि १,२५० दुकानं असा तिचा पसारा. तिथे काय किंवा इतरत्र काय, दुकानाचं क्षेत्रफळ मिळवणं सोपं असतं; धंदा टिकतो तो रस्त्याकडच्या तोंडावर. करारात चौरस फुटांबरोबर दर्शनी रुंदी, कोणता रस्ता, जोत्याची उंची आणि पायऱ्या किती हे लिहून घ्या. दुसऱ्या पातळीवर गाळा असेल तर सरकता जिना कोणाच्या खर्चाने आणि किती वाजेपर्यंत चालेल, हेही.

तुमचा माल रोज उतरतो. मालाच्या धक्क्यावर तुळईच्या खालून, स्प्रिंकलरचे पाइप धरून, किती उंची शिल्लक राहते ते मोजून घ्या. ३ मीटर असेल तर छोटा टेम्पो येईल, १४ फुटी बंद ट्रक बहुतेक अडकेल. मग हमाली रोजची वाढते. बाजूला खानावळ येणार असेल तर तिच्या धुराडीचा डक्ट थेट गच्चीपर्यंत आणि सांडपाण्याला ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी टाकी) आधीच आराखड्यात हवा. ४० मजली इमारतीत नंतर धुराडं काढता येत नाही, आणि वास वरच्या घरांत गेला की तक्रार पूर्ण बाजाराविरुद्ध होते.

शेजारी तीन बेसमेंटची खोदाई सुरू होतेय. आमची इमारत १९७० च्या दशकातली. काय काळजी घ्यावी? – सोसायटी सचिव, दादर

खोदाई सुरू होण्याच्या आधी, दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरनी मिळून, तुमच्या प्रत्येक घरातल्या भेगांचे तारखेसह फोटो आणि मापं नोंदवायला लावा. नंतर ‘ती भेग जुनीच होती’ हा वाद मिटतो. मोठ्या भेगांवर काचेची पट्टी चिकटवा, पट्टी तुटली म्हणजे भेग हलली. कोपऱ्यांवर लेव्हलचे बिंदू लावून दर आठवड्याचं वाचन लेखी मागा.

त्रास बहुधा पाणी उपसण्यातून होतो. खड्ड्यातून पाणी काढताना त्याबरोबर बारीक माती गेली की तुमच्या पायाखालचा भराव बसतो. पंपातून येणारं पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी पत्र द्या. भिंत धरून ठेवायला खडकात तिरपे अँकर मारतात. ते तुमच्या हद्दीखाली येत असतील तर तुमची लेखी परवानगी लागते. ती देताना काम संपल्यावर त्यांचा ताण सोडून द्यायची अट घाला, नाहीतर तुमच्या पुनर्विकासाच्या खोदाईत त्या ताणलेल्या तारा सापडतील. ब्रेकरच्या कंपनांसाठी जुन्या घराला सेकंदाला ५ मिलिमीटर ही मर्यादा धरून मीटर लावायला सांगा.

ऑफिसांची इमारत आधी पूर्ण होणार, आमची चार वर्षांनी. जमिनीचं कन्व्हेयन्स (मालकीचं हस्तांतरण) कधी? – ठाणे

प्रत्येक टप्प्याची महारेरा नोंदणी वेगळी असते. तुमच्या टप्प्याचा क्रमांक आणि त्याचंच बँक खाते बघा, ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के त्यात जायला हवेत. निम्म्याहून जास्त घरं बुक झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटीची प्रक्रिया सुरू व्हायला हवी. इमारतीचं हस्तांतरण सोसायटीकडे होतं, पण सामाईक जमीन शेवटच्या इमारतीच्या ओसीनंतर शिखर संस्थेकडे (सगळ्या सोसायट्यांच्या फेडरेशनकडे) जाते. म्हणून शेवटची इमारत कोणती आणि तिची नोंदलेली मुदत काय, ते आजच बघून ठेवा. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती बिल्डरकडे असते. गळतीची तक्रार तोंडी न सांगता लेखी करा.

१२० गाड्यांसाठी यांत्रिक पार्किंग आणि एकच गाडी-लिफ्ट दाखवलीय. पुरेल का? – पुणे

नाही. एक गाडी आत-बाहेर करायला सरासरी २ मिनिटं धरा, म्हणजे तासाला ३० गाड्या. सकाळच्या गर्दीच्या तासात ३० टक्के गाड्या निघतात असं धरलं तरी ३६ होतात, आणि त्याच वेळी ऑफिसवाल्यांच्या गाड्या आत येत असतात. कमीत कमी दोन लिफ्ट हव्यात, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी चालेल. त्या जनरेटरवर आहेत का, आणि देखभालीचा वार्षिक करार ताब्यानंतर किती वर्षं बिल्डरच्या खर्चाने, हे दोन्ही करारनाम्यात घ्या. एसयूव्ही असेल तर तुमच्या गाडीची उंची, रुंदी आणि वजन पॅलेटच्या (गाडी ज्यावर उभी राहते त्या फळीच्या) मापाशी ताडून बघा. खालच्या पॅलेटची उंची बऱ्याचदा फक्त सेडानपुरती असते.